२०५० मध्ये कोकण बुडणार? तो लाल नकाशा नेमका कसा वाचायचा

पावसाळा जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक नकाशा हमखास फिरायला लागतो. मुंबई, उरण, पेण, अलिबाग आणि खाली खाडीकाठची गावं, सगळं लाल रंगात. खाली एक ओळ असते: '२०५० पर्यंत हे सगळं पाण्याखाली'.

मग गावच्या ग्रुपवर दोन गट पडतात. एक म्हणतो, "काही होत नाही, आजोबांच्या वेळेपासून समुद्र आहे तिथेच आहे." दुसरा म्हणतो, "भाव येतोय तोवर जमीन विकून मोकळे व्हा." तुमचं घर कोकणात असेल, किंवा तुम्ही मुंबई-पुण्यात राहता पण सातबाऱ्यावर घरच्यांचं नाव असेल, तर हा वाद नुसता टाइमपास नाही. एकदा विकलेली जमीन परत मिळत नाही. आज लावलेलं हापूसचं कलम चांगलं उत्पन्न द्यायला सात-आठ वर्षं घेतं आणि पुढे कित्येक दशकं उभं राहतं. म्हणजे आजचा निर्णय थेट २०५० आणि त्यापुढच्या हवामानावर लावलेली पैज आहे.

हवामान बदलाचे आकडे कुठून येतात, ते किती भरवशाचे, आणि कोकणातल्या शेतीसाठी त्यांचा अर्थ काय, हे आज समजून घेऊ. गणित फारसं नाही, घाबरू नका.

तुमच्या मोबाईलवर तीन प्रकारचं 'भविष्य' असतं

पहिलं गोंधळाचं कारण म्हणजे आपण भविष्याबद्दलचे सगळे आकडे एकाच पारड्यात टाकतो. प्रत्यक्षात ते तीन वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार, भरती-ओहोटीचं वेळापत्रक. चंद्र आणि सूर्य कुठे असणार हे आधीच माहीत असतं, त्यामुळे भरतीची वेळ कित्येक वर्षं आधी काढता येते. कोकणातले मच्छीमार तर अ‍ॅपशिवाय काढतात: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण म्हणजे सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती. साधा फॉर्म्युला, पण काम चोख.

दुसरा प्रकार, हवामानाचा अंदाज. आज वारा, दाब, बाष्प किती आहे यावरून पुढच्या काही दिवसांचं चित्र काढतात. सुरुवातीच्या मोजमापातली छोटी चूक दिवसागणिक फुगत जाते, म्हणून साधारण दोन आठवड्यांपलीकडे ठरावीक दिवसाचा अंदाज टिकत नाही.

तिसरा प्रकार, आपला आजचा विषय: हवामान बदलाचं प्रक्षेपण. इथे "१२ जून २०५० ला रत्नागिरीत पाऊस पडेल का" हा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो, "जर जगाने अमुक इतका कार्बन डायऑक्साइड सोडला, तर त्या काळातलं सर्वसाधारण हवामान कसं असेल?"

लोकलचं उदाहरण घ्या. आजची ८:१२ किती मिनिटं लेट होईल, हा झाला अंदाज. पुढच्या वीस वर्षांत प्रवासी दुप्पट झाले आणि गाड्या तेवढ्याच राहिल्या तर डब्यात पाय ठेवायला जागा राहील का, हे झालं प्रक्षेपण. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी आजची ८:१२ लेट आहे की नाही हे माहीत असायची गरज नाही. म्हणूनच "उद्याचा पाऊस सांगता येत नाही आणि पन्नास वर्षांनंतरचं सांगतात" हा टोमणा ऐकायला भारी असला तरी चुकीचा आहे.

मॉडेलच्या नजरेतून कोकण म्हणजे एक पिक्सेल

हवामान मॉडेल म्हणजे शेवटी एक भलामोठा प्रोग्राम. पृथ्वी चौकटींमध्ये विभागायची, वर हवेचे थर आणि खाली समुद्राचे थर रचायचे, आणि प्रत्येक चौकटीसाठी उष्णता, वारा, पाणी यांची समीकरणं पुन्हा पुन्हा सोडवत काळ पुढे सरकवायचा. जगभरातल्या संस्था अशी मॉडेल्स एकसारख्या नियमांनी चालवतात आणि निकाल शेजारी शेजारी ठेवतात. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाचा सहावा अहवाल अशाच तुलनेवर उभा आहे. त्या तुलनेत पहिल्यांदाच एक भारतीय मॉडेल होतं, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, तयार झालेलं.

आता अडचण बघा. जागतिक मॉडेलमध्ये एक चौकट साधारण १०० ते २०० किलोमीटर लांब-रुंद असते. कोकणपट्टी किनाऱ्यापासून सह्याद्रीपर्यंत बहुतेक ठिकाणी त्याच्या निम्मीही रुंद नाही. म्हणजे अरबी समुद्राचा तुकडा, खाडी, भातशेती, आंब्याचा कातळ, घाट आणि वरचा देश, सगळं एकाच चौकटीत. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्यावरून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, माण-खटावकडे, जेमतेम पाचशे. मॉडेल या सगळ्याची सरासरी काढून एकच आकडा देतं. त्यात सह्याद्रीची भिंतसुद्धा गुळगुळीत टेकाड होऊन जाते.

कमी रिझोल्यूशनचा फोटो झूम केला तर चेहरा दिसत नाही, ठोकळे दिसतात. इथेही तेच होतं. यावर उपाय म्हणून जागतिक मॉडेलच्या आत छोट्या भागाचं बारीक जाळीचं मॉडेल चालवतात. दक्षिण आशियासाठी असे निकाल ५० आणि २५ किलोमीटरच्या जाळीत मिळतात. शिवाय मॉडेलचं जुन्या वर्षांचं उत्तर खऱ्या नोंदींशी जुळवून पद्धतशीर चूक काढून टाकतात, मोबाईलचा होकायंत्र कॅलिब्रेट करतो तसं.

तरीही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कोणी तुम्हाला "२०५० मध्ये तुमच्या गावात बरोबर इतका पाऊस पडेल" असा एकच आकडा दिला, तर तो झूम केलेला ठोकळा आहे.

'जर' बदलला की 'तर' बदलतो, पण लगेच नाही

मॉडेलला इनपुट लागतं: पुढे जग कार्बन किती सोडणार? हे कोणालाच माहीत नाही, कारण ते हवामानावर नव्हे, माणसांवर अवलंबून आहे. म्हणून अनेक शक्यता धरून मॉडेल चालवतात. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात जगाचं सरासरी तापमान औद्योगिकीकरणाआधीच्या तुलनेत शतकाच्या अखेरीस किती वाढेल याची उत्तरं अशी आहेत: उत्सर्जन झपाट्याने घटवलं तर १ ते १.८ अंश, मधल्या वाटेने गेलो तर २.१ ते ३.५ अंश, आणि कसलाच लगाम घातला नाही तर ३.३ ते ५.७ अंश. सुमारे १.१ अंशाची वाढ २०११-२०२० पर्यंत होऊनही गेली होती.

समुद्राच्या पातळीचे आकडे जास्त मजेशीर आहेत. १९९५-२०१४ च्या तुलनेत जागतिक सरासरी पातळी:

- २०५० पर्यंत: सगळ्यात चांगल्या शक्यतेत १५ ते २३ सेंटिमीटर, सगळ्यात वाईट शक्यतेत २० ते २९ सेंटिमीटर.
- २१०० पर्यंत: चांगल्या शक्यतेत २८ ते ५५ सेंटिमीटर, वाईट शक्यतेत ६३ सेंटिमीटर ते १ मीटर.

२०५० च्या दोन्ही उत्तरांकडे नीट बघा. ती एकमेकांत मिसळलेली आहेत. समुद्र तापायला आणि बर्फ वितळायला वेळ लागतो, त्यामुळे पुढच्या पंचवीस वर्षांची वाढ बरीचशी आधीच ठरून गेली आहे. २१०० मध्ये मात्र दोन्ही वाटा स्पष्ट वेगळ्या होतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की, बांध किती उंच करायचा हे ठरवायला जागतिक परिषदांच्या निकालाची वाट बघायची गरज नाही. पाव मीटर धरून चालायला हरकत नाही. नातवंडांच्या वेळी तो एक मीटर होणार की नाही, ते मात्र जगाच्या आजच्या वागण्यावर आहे.

हे आपल्या समुद्रालाही लागू होतं का? केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो की उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली. आधीच्या शंभरेक वर्षांत हा वेग १ ते पावणेदोन मिलिमीटर होता. ३.३ मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याची निम्मी लांबी. पण तीस वर्षांत ते होतात दहा सेंटिमीटर, आणि दहा सेंटिमीटरने काय होतं ते पुढे बघू.

लाल नकाशाचं गुपित

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये क्लायमेट सेंट्रल या अमेरिकन संस्थेचा एक अभ्यास आला आणि 'मुंबई बुडणार'च्या बातम्या सगळीकडे झळकल्या. त्या अभ्यासातलं खरं नवीन काम समुद्राबद्दल नव्हतं, जमिनीच्या उंचीबद्दल होतं.

जगाच्या जमिनीच्या उंचीचा सर्रास वापरला जाणारा डेटा २००० सालच्या फेब्रुवारीत एका अवकाशयानाने रडारने मोजलेला आहे. वरून पाहणाऱ्या रडारला जमिनीच्या आधी झाडांचे शेंडे आणि घरांची छपरं लागतात. नारळी-पोफळीच्या वाडीत तर शेंडाच दिसणार. त्यामुळे किनाऱ्यावरची जमीन खऱ्यापेक्षा उंच नोंदली गेली. संशोधकांनी न्यूरल नेटवर्क वापरून ही चूक कमी केली, आणि एकदम कितीतरी जास्त जमीन सखल निघाली.

आता दुसरी बाजू. असा नकाशा बनवताना फक्त एवढंच बघतात की जमिनीची उंची भरतीच्या पातळीपेक्षा कमी आहे का. कमी असेल तर लाल. मधे बांध आहे का, उघाडी आहे का, हे नकाशाला कळत नाही. त्याच अभ्यासानुसार जगात सुमारे ११ कोटी लोक आजच भरतीच्या रेषेखालच्या जमिनीवर राहतात. ते बुडालेले नाहीत, कारण मधे काहीतरी अडसर आहे.

पेण-अलिबागच्या खारेपाटात हेच आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी मातीचे बांध घालून खाडीकडून जमीन मिळवली आणि तिथे भात पिकवला. गोव्यात अशाच जमिनींना खाजन म्हणतात. या शेतांची पातळी उधाणाच्या भरतीपेक्षा खालीच आहे. आज, २०५० मध्ये नव्हे. नकाशावरचा लाल रंग म्हणजे 'इथे समुद्र येणार आहे' एवढाच नसतो. बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ 'इथे समुद्र बांधामुळे थांबला आहे' असा असतो.

म्हणजे या जमिनींचं भविष्य दोन आकड्यांवर ठरतं: समुद्र किती वर येणार, आणि बांधाची डागडुजी कोण, कधी करणार. पहिला आकडा सगळ्या जगाच्या चर्चेत आहे. दुसरा फक्त गावात माहीत असतो.

उघाडीचं गणित

बांधातल्या दरवाजाला आपल्याकडे उघाडी म्हणतात. ओहोटीला आतलं पाणी ढकलून ती उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला बाहेरचं पाणी तिला बंद करतं. ना मोटर, ना सेन्सर. पण तिला एक अट लागते: बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली असायला हवं.

समजा, भरती आणि ओहोटी यांच्यात ३ मीटरचा फरक आहे आणि शेतात साचलेलं पाणी सरासरी समुद्रपातळीपेक्षा २५ सेंटिमीटर वर आहे. भरतीचा चढउतार साधा साइन वक्र धरला तर उघाडी दर ओहोटीला सुमारे ६ तास ५० मिनिटं उघडी राहील. आता समुद्र २५ सेंटिमीटर वर आला. उघडी राहण्याची वेळ होते सुमारे ६ तास १० मिनिटं. दिवसात दोन ओहोट्या, म्हणजे पाणी जायचा जवळजवळ सव्वा तास गेला. शिवाय आत-बाहेरच्या पातळीतला फरक कमी झाल्यामुळे उरलेल्या वेळातही पाणी हळू वाहतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ओहोटी मुळातच फार खाली जात नाही. तेव्हा तर आणखी पंचाईत.

आणि हे नेमकं कधी घडणार? पाऊस जोरदार असताना. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून मुसळधार पावसाचे दिवस आणखी मुसळधार होतात. आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ दरम्यान विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. वर्षभराचा एकूण पाऊस तेवढाच राहिला तरी तो थोड्या दिवसांत कोसळला तर लावणी केलेलं रोप पाण्याखाली कुजतं. चिपळूणने २२ जुलै २०२१ ला पाहिलं की वाशिष्ठीला पूर आला म्हणजे काय होतं. अशा वेळी खाडीत भरती असेल तर नदीच्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही.

उलट बाजूही आहे. उन्हाळ्यात खारजमिनीतलं मीठ वर येतं. जूनचा पहिला पाऊस ते धुऊन काढतो आणि मगच भात रुजतो. पाऊस उशिरा आला, किंवा एकदा येऊन पंधरा दिवस गायब झाला, तर मीठ तिथेच. म्हणून 'पावसाची सरासरी वाढणार' ही बातमी ऐकून भातवाल्याने खूश व्हायचं कारण नाही.

बांधाला एकदा खांड पडली आणि ती वेळेत बुजवली नाही, तर खारं पाणी रोज आत येतं. काही वर्षांत शेतात कांदळवन उभं राहतं. कांदळवन तोडायला बंदी आहे, आणि ते बरोबरही आहे, कारण बांधाबाहेरचं कांदळवन लाटांचा जोर मोडतं आणि बांध वाचवतं. पण याचा अर्थ असा की गेलेलं शेत परत मिळवणं जवळजवळ अशक्य. समुद्राने न गिळताही जमीन अशी हातातून जाते.

हापूसला सरासरी कळत नाही

आता वर चढून कातळावर जाऊ. तिथे समुद्राची भीती नाही, पण हापूसला वेगळीच काळजी आहे.

पावसाळा संपला की झाडाला पालवी येते, ती जून होते, जमिनीतली ओल कमी होऊन झाडाला ताण बसतो, आणि थंड रात्री मिळाल्या की मोहर फुटतो. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला तर ताण बसत नाही, पुन्हा पालवीच येते. थंडी कमी पडली तर मोहर उशिरा किंवा विरळ. थंडी फार लांबली तरी वांधे: आधीच्या मोहराला कैऱ्या धरल्या असताना नवा मोहर येतो आणि छोटी फळं गळतात. ढगाळ हवा आली की तुडतुडे आणि भुरी. मार्चमध्ये एकदम ऊन तापलं की पुन्हा फळगळ. आणि फळ बाहेरून सुंदर पण आतून पांढरट, स्पंजासारखं निघतं तो साका. त्याचा संबंध तापलेल्या जमिनीच्या उष्णतेशी जोडला गेला आहे.

यातलं काहीही 'वार्षिक सरासरी तापमान दीड अंशाने वाढेल' या वाक्यातून दिसत नाही. आंब्याला हवं असतं ते वेगळंच: डिसेंबर-जानेवारीत थंड रात्री किती आणि कधी? पाऊस कुठल्या तारखेला थांबला? मार्चमध्ये तापलेले दिवस किती? किनारी भागात कमाल तापमान ३७ अंश किंवा जास्त आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असेल तर हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. त्यामुळे प्रक्षेपण बघताना सरासरी सोडा आणि 'दिवस मोजणारे' आकडे शोधा. मंत्रालयाच्या त्याच अहवालानुसार जास्त उत्सर्जनाच्या शक्यतेत शतकाच्या अखेरीस भारतात उष्ण रात्रींचं प्रमाण १९७६-२००५ च्या तुलनेत सुमारे ७० टक्क्यांनी वाढू शकतं. बागायतदाराच्या कामाचा आकडा हा आहे.

वादळांचंही तसंच. आयआयटीएमच्या एका अभ्यासात १९८२-२००० च्या तुलनेत २००१-२०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ३ जून २०२० ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, ऐन आंब्याच्या हंगामात. भाताचं पीक गेलं तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा पेरता येतं. पोफळ पडली तर नवी लावून पुन्हा सुपारी मिळायला पाच-सात वर्षं जातात.

विम्याचा 'जर-तर'

हवामान आधारित फळपीक विमा योजना आंबा-काजूलाही लागू आहे. तिचं डोकं प्रोग्रामसारखं चालतं: तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने अवेळी पाऊस, कमी-जास्त तापमान किंवा वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे नोंदवला, तर भरपाई. तुमच्या बागेत येऊन कोणी आंबे मोजत नाही.

याचा फायदा म्हणजे पंचनाम्याची कटकट कमी. तोटा म्हणजे केंद्र खाली सड्यावर आणि तुमची बाग डोंगराच्या पलीकडे असेल, तर तुमच्याकडे झालेला पाऊस तिथे नोंदलाच जाणार नाही. म्हणून आपलं केंद्र कुठे आहे आणि यंदाच्या मर्यादा काय आहेत, हे हप्ता भरण्याआधी बघा. दोन्ही गोष्टी विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

मग मोबाईल हातात असताना करायचं काय?

एक. कुठलाही हवामान बदलाचा आकडा आला की तीन गोष्टी शोधा: कुठल्या काळाच्या तुलनेत, कुठल्या वर्षापर्यंत, आणि उत्सर्जनाची कुठली शक्यता धरून. यातलं एक जरी नसेल तर तो फॉरवर्ड पुढे ढकलू नका.

दोन. मूळ डेटा फुकट आहे. नासाच्या समुद्रपातळी प्रक्षेपणाच्या वेबसाइटवर मुंबईचं केंद्र निवडून दर दशकाचा आकडा त्याच्या कमाल-किमान मर्यादेसह बघता येतो. आयपीसीसीचा संवादी अ‍ॅटलास तापमान आणि पाऊस दाखवतो.

तीन. रोजच्या कामासाठी प्रक्षेपण नको, अंदाज हवा. हवामान खात्याचं 'मेघदूत' अ‍ॅप जिल्ह्यानुसार मराठीत शेतीचा सल्ला देतं. विजांसाठी 'दामिनी'. उंच लाटांचे इशारे हैदराबादची इन्कॉईस संस्था देते.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. मॉडेलला जे दिसत नाही ते तुम्ही नोंदवा. एका साध्या स्प्रेडशीटमध्ये दरवर्षी चार रकाने: शेवटचा पाऊस कधी, पहिला मोहर कधी, पहिली तोड कधी, आणि सगळ्यात मोठ्या उधाणाला पाणी बांधाच्या माथ्यापासून किती खाली होतं. शेवटच्यासाठी बांधावर एक खूण करून दरवर्षी त्याच जागेवरून फोटो काढला तरी पुरे. घरातल्या मोठ्यांना मागच्या तीस वर्षांच्या आठवणी विचारा, तेही लिहून ठेवा. शंभर किलोमीटरच्या चौकटीत मावत नाही तो तपशील हाच.

पाच. सगळे पैसे एकाच घोड्यावर लावू नका. हापूस काढून टाका असं कोणी म्हणत नाही. पण नवी लागवड करताना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या रत्ना, सिंधू अशा जातींची काही कलमं सोबत लावता येतात. या दोन्हींत साक्याचा त्रास नाही. झाडाखाली गवताचं आच्छादन, बागेला वाऱ्याकडून झाडांचा अडोसा, हे स्वस्तातले उपाय आहेत. खारजमिनीसाठी पनवेलच्या संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २, ३ या भाताच्या जाती आहेत. गोव्यात खाऱ्या पाण्यात तग धरणारं कोरगुट पूर्वीपासून पिकतं.

आता राहिला जमीन विकायचा प्रश्न. ग्रुपवर तो लाल नकाशा पुन्हा आला, तर वाद घालण्याआधी घरच्यांना हे विचारा. आपलं शेत आज उधाणाच्या पातळीपेक्षा वर आहे की खाली? खाली असेल तर बांध सरकारी खारभूमी योजनेत आहे की खाजगी? त्याची शेवटची दुरुस्ती कधी झाली, आणि उघाडीचं दार नीट लागतं का? बांध मजबूत असेल आणि गाव त्याच्यामागे उभं असेल, तर पाव मीटर समुद्र झेपण्यासारखा आहे. बांधाला खांड पडून दोन पावसाळे गेले असतील आणि कोणी बघत नसेल, तर २०५० ची वाट बघायची गरजच नाही. ते शेत आत्ताच चाललं आहे. तिथे नकाशा फॉरवर्ड करून काही होणार नाही. ग्रामसभेत तो विषय मांडा, आणि जाताना बांधाचे फोटो घेऊन जा.